शुभशकुनांचा जमाखर्च : इटलीतील काही नोंदी

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ‘मेर्काटो नुओव्हो’ म्हणजे ‘नवा बाजार’ या नावाचा एक कमानदार मंडप आहे. नावाने नवा असला, तरी तो १५४७ ते १५५१ या काळात बांधलेला आहे. रेशमासारख्या किमती मालाचे व्यवहार तेथे होत. आज चामड्याच्या पिशव्या व पट्टे विकणारी दुकाने तेथे असतात आणि मंडपाच्या एका बाजूस कांस्याचे एक रानडुक्कर बसलेले दिसते. मूर्तिकार पिएत्रो टाक्का याने सतराव्या शतकात घडवलेले मूळ शिल्प आता संग्रहालयात हलविले असून, बाजारात आहे ती त्याची प्रतिकृती. त्याचे थूथन चोळले की भाग्य उजळते, अशी समजूत असल्यामुळे सारे अंग काळवंडलेले असताना तेवढे नाक मात्र सोन्यासारखे लखलखते. प्रवासी त्याच्या जबड्यात नाणे ठेवतात. ते घरंगळत खालच्या जाळीतून आत पडले, तर शकुन चांगला. जाळीखाली जमलेली ही नाणी धर्मादायाकडे जातात.

थूथन चोळणाऱ्यांपैकी फार थोड्यांचे लक्ष त्याच मंडपाच्या मध्यभागी जमिनीत बसविलेल्या एका वाटोळ्या संगमरवरी दगडाकडे जाते. रथाच्या चाकासारखी त्याची आकृती आहे. ज्याचे दिवाळे निघाले त्या व्यापाऱ्यास जुन्या काळी तेथे आणीत, भर बाजारात त्याची विजार उतरवीत आणि त्याचा पार्श्वभाग त्या दगडावर आपटीत. धनको, ग्राहक आणि कालपर्यंत मांडीला मांडी लावून बसणारे व्यापारी ते पाहत उभे असत. पेढी चालविणाऱ्या घरातील माणसाने फ्लॉरेन्सला गेल्यावर डुकराचे नाक चोळण्याआधी हा दगड पाहून यावा, असे मला वाटते. भाग्याची मूर्ती आणि दिवाळखोराचा दगड एकाच छताखाली असणे हा योगायोग असेल; पण इटलीतील शुभशकुनांची चौकशी करू लागलो की असा जमेचा व नावेचा जोड पुढे वारंवार भेटतो. शकुन कोणाला लाभतो, आणि त्याची किंमत कोणाच्या खाती पडते?

या चौकशीसाठी दक्षिणेकडे, नेपल्सला जावे लागते. शकुन-अपशकुनांची राजधानी तीच. तेथील सर्वांत प्रसिद्ध ताईत म्हणजे लाल रंगाचे, किंचित पीळदार, टोकदार असे छोटे शिंग, ‘कॉर्निचेल्लो’. गळ्यातील साखळीत, किल्ल्यांच्या जुडग्यात, मोटारीच्या आरशाला, दुकानाच्या गल्ल्याजवळ, जिथे पाहावे तिथे ते लटकलेले असते. मराठी पाहुण्यास ते प्रथमदर्शनी लाल मिरचीच वाटेल आणि आपल्याकडील दुकानाच्या दारावरील लिंबू-मिरचीची आठवण होईल. पण तो मिरचीचा आकार नव्हे. शिंग हे प्राचीन काळापासून पौरुष आणि सुपीकतेचे चिन्ह आहे. लहान मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून ताईत बांधण्याची रीत रोमन लोकांतही होती.

या शिंगाचे नियम ठरलेले आहेत. ते टणक असावे, वाकडे असावे, टोकदार असावे. शक्यतो हाताने घडविलेले असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते स्वतःसाठी स्वतः विकत घेऊ नये. दुसऱ्याने भेट दिले तरच फळते. हा शेवटचा नियम कोणी केला हे कोणास ठाऊक, पण तो करणाऱ्यास दुकानदारीची चांगली जाण असली पाहिजे. जवळ शिंग नसेल, तर तर्जनी व करंगळी पुढे काढून आणि मधली दोन बोटे मिटून हाताचेच शिंग करावयाचे व ते जमिनीकडे रोखावयाचे. तेही न जमल्यास जवळच्या लोखंडास हात लावावा. इंग्रज माणूस अशा वेळी लाकडाला हात लावतो, इटालियन लोखंडाला.

हे सारे ज्यापासून बचाव करण्यासाठी, ती गोष्ट म्हणजे ‘मालोक्यो’, वाईट डोळा, आपली दृष्ट. दृष्ट ओळखण्याची तेथील घरगुती पद्धत अशी की, ताटलीत पाणी घेऊन त्यात तेलाचे थेंब टाकावयाचे. थेंब पसरले वा फुटले, तर दृष्ट लागली असे समजावयाचे. मग घरातील वृद्ध स्त्री हलक्या आवाजात काही शब्द पुटपुटते. हे शब्द एरवी कोणास सांगत नाहीत. नाताळच्या आदल्या रात्रीच आईने मुलीला वा आजीने नातीला शिकवावयाचे. आपल्याकडे मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकणाऱ्या आजीला ही ताटली परकी वाटणार नाही.

आता त्या शिंगाच्या मालाकडे वळू. आज प्लास्टिकची आणि भाजलेल्या मातीची शिंगे ढिगांनी मिळतात. परंतु खरे शिंग पोवळ्याचे. ग्रीक-रोमन पुराणकथेत पर्सियस वीराने मेड्युसा राक्षसीचे मस्तक समुद्रकाठच्या शेवाळावर ठेवले आणि तिच्या प्रभावाने शेवाळ कठीण होऊन पोवळे झाले. मेड्युसाच्या नजरेने माणसे दगड होत. तेव्हा नजरेवर उतारा म्हणून पोवळे योग्यच ठरले. रोमन लेखक प्लिनी याने आपल्या ‘निसर्गेतिहास’ ग्रंथाच्या बत्तिसाव्या भागात बालकांच्या अंगावर पोवळे बांधण्याची रीत नोंदविली आहे. त्याच ठिकाणी तो जे लिहितो ते आपल्या दृष्टीने अधिक रोचक आहे. रोमच्या स्त्रियांना भारतीय मोत्यांचे जेवढे मोल, तेवढेच भारतातील पुरुषांना पोवळ्याचे. तेथील ज्योतिषी त्यास संकटनिवारक मानतात. आणि भारताकडे एवढे पोवळे जाते की ज्या समुद्रातून ते निघते, तेथेच ते दुर्मीळ झाले आहे. हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या ज्या उद्रेकाने पाँपेई गाडले गेले, त्याच उद्रेकात मरण पावला. त्याच शतकातील एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत आपल्या भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत पोवळे आहेच. म्हणजे मंगळाचे रत्न म्हणून आज आपला सराफ जे पोवळे अंगठीत बसवून देतो, त्या व्यवहाराची वही दोन हजार वर्षांची आहे.

या वहीतील एक पान गोव्याचे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीच्या लिव्होर्नो बंदरात एर्गास आणि सिल्व्हेरा या ज्यू कुटुंबांची भागीदारीची पेढी होती. भूमध्य समुद्रातील पोवळ्यांचे मणी लिस्बनमार्गे पोर्तुगीज जहाजांवरून ते गोव्यास धाडीत. आणि मोबदल्यात गोव्यातील सारस्वत व्यापारी, त्यांत कामत घराणेही होते, त्यांना हिरे पाठवीत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नाही. माल गेल्यापासून त्याचा मोबदला हाती येईपर्यंत दीर्घ काळ थांबावे लागे. ज्या न्यायालयात दाद मागता येईल असे दोघांना समान न्यायालय जवळजवळ नव्हतेच. व्यवहार चालला तो पोर्तुगीज भाषेतील पत्रांवर आणि पत वाचविण्याच्या धाकावर. फ्रान्चेस्का त्रिव्हेलातो या इतिहासकार विदुषीने ही पत्रे अभ्यासून त्यांवर ग्रंथ लिहिला आहे. पोवळे दृष्टीपासून वाचविते की नाही हे बाजूला राहू द्या. ते विकणाऱ्यांना वाचविले ते शब्दाने. पुढे ही पेढी बुडाली, तीही पर्शियातून आलेल्या एका फार मोठ्या हिऱ्याच्या व्यवहारात.

पोवळ्याचे कोरीवकाम ज्या गावाने जगप्रसिद्ध केले ते तोर्रे देल ग्रेको नेपल्सजवळ व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी आहे. १७९४ च्या उद्रेकात लाव्ह्याने हे गाव उद्ध्वस्त केले. लोकांनी ते त्याच जागी पुन्हा बांधले. १८०५ मध्ये मार्सेयहून आलेल्या पाओलो बार्तोलोमेओ मार्तिन याला राजाने पोवळ्याच्या कारखान्याचा परवाना दिला, आणि तोवर केवळ समुद्रातून पोवळे काढणारे हे गाव ते घडवूही लागले. १८७८ मध्ये तेथे कोरीवकामाची शाळा निघाली. याच सुमारास, १८७५ ते १८८० या काळात, सिसिलीतील शाक्का गावासमोर समुद्रतळाशी पोवळ्यांचे तीन प्रचंड साठे सापडले. शेकडो होड्या तिकडे धावल्या. बाजारात एवढा माल आला की भाव कोसळला. ज्या पोवळ्याला दुर्मीळ म्हणून शुभ मानले, ते मुबलक होताच त्याचा धंदाच अशुभ ठरला. पुढे साठे संपले आणि कारागीर जपानहून आलेल्या पोवळ्याकडे वळले.

पोवळे म्हणजे नक्की काय, यावर युरोपात शतकानुशतके वाद होता. कोणी दगड म्हणे, कोणी वनस्पती. मार्सेयच्या पेसोनेल या वैद्याने अठराव्या शतकाच्या विसाव्या दशकात ती प्राण्यांची निर्मिती असल्याचे दाखविले, तेव्हा ते मत इतके विचित्र वाटले की रेओम्युर या थोर शास्त्रज्ञाने त्याची नाचक्की होऊ नये म्हणून अकादमीपुढे त्याचे नावच सांगितले नाही. आपल्या परंपरेत शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात विद्रुम, म्हणजे पोवळे, पृथ्वीकाय जीवांत मोजले आहे. जीवशास्त्राचे वर्गीकरण वेगळे आहे. ते म्हणते की आठ-आठ इवल्या सोंडा असलेले असंख्य सूक्ष्म प्राणी आपल्या वसाहतीचा हा लाल सांगाडा उभा करतात. निर्जीव खडा मात्र त्याला दोहोंपैकी कोणीच म्हणत नाही. या सांगाड्याची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. करंगळीएवढी फांदी व्हावयास कित्येक दशके लागतात. जाळी बांधलेले लाकडी क्रूस समुद्रतळावरून ओढून पोवळे ओरबाडण्याची जुनी पद्धत युरोपीय संघाने १९९४ मध्ये बंद केली. आता परवानाधारक पाणबुड्यांनीच ते हाताने तोडावयाचे, पन्नास मीटरहून कमी खोलीवर तोडावयाचे नाही, आणि बुंध्याशी सात मिलिमीटरहून बारीक असेल तर हात लावावयाचा नाही. ज्याने आपल्या अंगावरील संकट टळावे म्हणून शिंग गळ्यात घातले, त्याच्या हिशेबात पाणबुड्याचा जीव आणि समुद्रतळाची ती वसाहत सहसा धरलेली नसते.

काही रीती अगदी निरुपद्रवी आहेत. नववर्षाच्या रात्री इटालियन कुटुंबांत मसूर खातात, कारण मसुराचे दाणे नाण्यांसारखे चपटे व वाटोळे. जितके दाणे तितका पैसा. (सोबत डुकराच्या मांसाचा पदार्थ असतो, आपल्या पाहुण्याने मसुरावरच थांबावे.) त्या रात्री लाल अंतर्वस्त्रे घालण्याचीही चाल आहे. तेल वा मीठ सांडणे अशुभ, आणि याचे कारण उघड आहे : एकेकाळी दोन्ही वस्तू महाग होत्या. तेराचा आकडा तेथे फारसा वाईट नाही. वाईट आहे तो सतराचा. रोमन पद्धतीने सतरा लिहिताना जी चार चिन्हे येतात, ती उलटसुलट मांडली की ‘विक्सी’ हा लॅटिन शब्द होतो. त्याचा अर्थ ‘मी जगलो’, म्हणजेच ‘मी आता नाही’. रेनो या फ्रेंच कंपनीने आपली ‘रेनो १७’ ही मोटार इटलीत ‘१७७’ या नावाने विकली. श्रद्धा नसलेल्या व्यापाऱ्यासही गिऱ्हाइकाच्या श्रद्धेशी जुळवून घ्यावे लागते, हे त्या कंपनीस कोणी शिकवावयास नको होते.

पण आकड्यांचा खरा खेळ नेपल्सच्या लॉटरीत, ‘लोत्तो’त आहे, आणि येथे निरुपद्रवीपणा संपतो. एक ते नव्वद आकड्यांतून पाच काढावयाचे, असा हा खेळ जिनोआत सुरू झाला आणि १६८२ मध्ये नेपल्सला आला. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या लहान मुलाच्या हातून आकडे काढविले जात; निष्पापाचा हात म्हणून. राजा चार्ल्स आणि धर्मगुरू रोक्को यांची १७३४ मधील गोष्ट अजून सांगतात. गुरूला लोत्तो बंद हवा होता आणि राजाला त्यातील महसूल. तडजोड अशी झाली की निदान नाताळच्या सप्ताहात लोत्तो बंद राहील. लोकांनी मग त्या सप्ताहात घरोघरी तोच खेळ ‘तोम्बोला’ या नावाने मांडला. आपल्याकडील भिशीत व सहलीत चालणारा तंबोला हा त्याचाच वंशज.

कोणता आकडा लावावा हे ठरविण्यासाठी ‘स्मोर्फिया’ हे पुस्तक आहे. या नावाचा संबंध स्वप्नांची ग्रीक देवता मॉर्फियस हिच्याशी जोडतात. स्वप्नात पैसे दिसले तर ४६, भाकरी दिसली तर ५०, वेडा दिसला तर २२, मेलेला माणूस दिसला तर ४७ आणि तो बोलला तर ४८. नव्वद म्हणजे भीती. घरात मृत्यू झाला तरी शेजारी मयताचे वय, दिवस आणि आजार यांचे आकडे जुळवून लोत्तोच्या दुकानाकडे निघतात, अशी वर्णने आहेत. नेपल्सची लेखिका मातिल्दे सेराओ हिने १८९१ मध्ये ‘इल पाएझे दी कुकान्या’ ही कादंबरीच या व्यसनावर लिहिली. त्यात सरदारापासून हातगाडीवाल्यापर्यंत सारे शनिवारच्या सोडतीकडे डोळे लावून बसलेले आहेत.

व्यापाऱ्याने या खेळाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. नव्वदांतून पाच निघतात, तेव्हा एका सोडतीत तुमचा एक आकडा येण्याची शक्यता अठरात एक. आज जिंकल्यास मिळतात सुमारे सव्वाअकरा पट. तीन आकडे जुळण्याची शक्यता ११,७४८ मध्ये एक; मिळतात ४,५०० पट. म्हणजे एका आकड्यावर लावलेल्या शंभरातून सरासरीने बासष्ट परत येतात, तीन आकड्यांवर लावलेल्या शंभरातून अडतीस. आणि तेही कर वजा जाण्यापूर्वी. असा माल कोणताही शहाणा दुकानदार दुसऱ्यांदा भरणार नाही. तरी लोक भरतात, कारण स्वप्न आपल्यालाच पडले असते.

२००३ च्या मे महिन्यानंतर व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा निघेनासा झाला. आठवड्यातून दोन सोडती, आणि ५३ नाही. ‘इतके दिवस आला नाही, म्हणजे आता येणारच’ या विचाराने देशभर लोक त्यावर पैसे लावू लागले. हरले की पुढच्या सोडतीस अधिक लावू लागले. घरे गहाण पडली, बचती संपल्या. आत्महत्येच्या आणि एका कुटुंबाच्या हत्येच्याही बातम्या आल्या. १८२ सोडतींनंतर, ९ फेब्रुवारी २००५ रोजी ५३ निघाला, तोवर त्या एका आकड्यावर साडेतीन अब्ज युरोंहून अधिक रक्कम लावली गेली होती. पात्रातील गोट्यांना मागील सोडत आठवत नाही. प्रत्येक वेळी शक्यता तीच, अठरात एक. पडत्या भावात तोच माल पुन्हा पुन्हा घेऊन ‘आता वर जाणारच’ म्हणणारा सटोडिया आपल्याकडेही कोणाच्या पाहण्यात नसेल असे नाही.

पैसे बुडाले तर ते निदान ज्याचे त्याचे तरी असतात. शकुनाची सर्वांत जड किंमत मोजतो तो ज्याच्या वाट्याला अपशकुन येतो तो माणूस. नेपल्समध्ये अशा माणसास ‘येत्तातोरे’ म्हणतात. त्याच्या मनात वैर नसते. तो नुसता आला, त्याने नुसते पाहिले, तरी काम बिघडते. निकोला व्हालेत्ता या कायदेपंडिताने १७८७ मध्ये यावर अर्धवट विनोदी, अर्धवट गंभीर पुस्तक लिहिले आणि तेव्हापासून सुशिक्षितांतही हा विषय प्रतिष्ठित झाला. कृश बांधा, फिकट चेहरा, डोळ्यांवर चष्मा एवढी लक्षणे पुरतात. एखाद्याच्या नावामागे ही कुजबुज लागली की लोक त्याला पाहून खिशात शिंग चाचपतात, त्याच्याशी व्यवहार टाळतात. आपल्या घरांतून ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून ज्या सुनांची आयुष्ये नासली, त्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

सिसिलीतील नोबेल पारितोषिक विजेते लेखक लुइजी पिरांदेल्लो यांनी १९११ मध्ये ‘ला पातेंते’, म्हणजे ‘परवाना’, ही कथा लिहिली व पुढे तिचे नाटक केले. त्यातील किआर्किआरो हा गहाणपेढीवरील कारकून. येत्तातोरे म्हणून त्याची नोकरी जाते. घरी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेली पत्नी. दोन मुली, ज्यांच्याशी कोणी लग्न करावयास तयार नाही. रस्त्यात आपल्याकडे बोटांचे शिंग रोखणाऱ्या दोघांवर तो अब्रुनुकसानीची फिर्याद लावतो. सहृदय न्यायाधीश त्याला समजावितो की हा खटला तू हरशील. किआर्किआरो म्हणतो, हरावयाचेच आहे. न्यायालयाने शिक्कामोर्तब करून मला येत्तातोरे ठरवावे, परवाना द्यावा. मग मी दुकानांपुढे जाऊन उभा राहीन आणि निघून जाण्याचे पैसे घेईन. पोट भरण्याचे सारे मार्ग बंद केल्यावर समाजाने दिलेले बदनाम नाव हेच त्याचे एकमेव भांडवल उरते. कथा हसवते, आणि हसल्याबद्दल मग लाज वाटते.

याची दुसरी बाजू कुबड्या माणसाची. कुबड असलेल्या पुरुषाच्या पाठीस हात लावणे नेपल्समध्ये परम भाग्याचे. स्मोर्फियात त्याचा आकडा ५७. कुबड असलेली स्त्री भेटली तर मात्र अपशकुन. व्यंग तेच, वेदना तीच. स्त्री असण्याचा दंड तेवढा वेगळा. आणि ज्या पुरुषाच्या पाठीस हात लावावयाचा, त्याला तो स्पर्श हवा आहे की नको, हे विचारण्याची चाल कोठे नोंदलेली मला आढळली नाही.

नेपल्सचे नट व नाटककार पेप्पीनो दे फिलिप्पो यांनी या दोन्ही समजुती एकाच पेढीवर आणून बसविल्या. १९४२ मधील त्यांच्या सुखात्मिकेतील साव्हास्तानो हा व्यापारी धंद्यातील प्रत्येक तोट्याचे खापर मालवुरियो नावाच्या कारकुनावर फोडतो आणि त्याला काढून टाकतो. मग पाठीला कुबड असलेला साम्मारिया नोकरी मागावयास येतो; शेठजी हर्षभरित होऊन त्याला ठेवून घेतात. धंदा सुधारू लागतो. साम्मारियाचे मन शेठजींच्या मुलीवर जडले आहे असे कळते, तेव्हा भाग्य दारातून निघून जाऊ नये म्हणून बाप तिलाच लग्नाची गळ घालतो. लग्न झाल्यावर त्याला धडकी भरते ती नातवंडांच्या पाठींची. शेवटी कळते की कुबड खोटे आहे. बापाने ज्याला नाकारले असते तोच मुलीचा प्रियकर ते बांधून आत शिरला होता. पेढीची भरभराट एका बनावट कुबडावर उभी होती, आणि मालवुरियोची नोकरी मात्र खरोखर गेली होती. नाटकाचे नाव ‘नोन ए व्हेरो, मा ची क्रेदो’, म्हणजे ‘हे खरे नाही, पण माझा विश्वास आहे’. त्यावर १९५२ मध्ये चित्रपटही निघाला. खिशातल्या शिंगाविषयी विचारले, तर नेपल्सचा दुकानदार आजही हसून हेच उत्तर देतो.